रेंगाळलेला चौथा ठोका

मित्रांनो, मी एक जुनी तालपेटी आहे. बटण दाबलं की ढोल वाजवणारी, विजेवर चालणारी. इंग्लंडातल्या हडर्सफील्डच्या संग्रहालयात मला काचेच्या कपाटात बंद करून ठेवलंय.

जुन्या बाजारातून मला लॉर्नानं आणलं. ती लोकरीच्या गिरणीत मागावर कामाला होती. अंगठा मागात सापडलेला, त्यावर जाडजूड पट्टी. त्याच दुखऱ्या अंगठ्यानं बटण दाबत तिनं मागाचा ठेका माझ्यात भरला. तीन ठोके वेळेवर पडले, चौथा जरा रेंगाळला.

तिच्या जोडीला सूर वाजवणारा कॉलिन हसला. "अगं, तुझ्या चौथ्याला काही घाई दिसत नाही."

"थकलाय तो. गिरणीतून आलाय," लॉर्ना म्हणाली.

रिकाम्या गोदामात त्यांनी मला वाजवलं. त्या चौथ्या ठोक्याशी पाय अधांतरी थांबायचे आणि मग एकदम पडायचे. सगळी गिरणी नाचली. दर शनिवारी गर्दी वाढत गेली, गोदाम अपुरं पडू लागलं. मग लंडनहून तबकडी काढणारे आले. त्यांना ठोका सरळ हवा होता. कॉलिननं संगणकावर तो सरळ करून दिला.

तबकडी गाजली. दोघांचं गाव सुटलं, देशामागून देश झाले. मीही सोबत होते, पण वायरीशिवाय; ठेका आता संगणकच वाजवायचा. मंचावर शोभेला मांडायचे, नाच संपला की खोक्यात कोंबायचे. लोक माझे फोटो काढत, आणि मी मुकी.

खोक्यातून सुटले ती या काचेत आले. माझ्या पोटात नाण्याएवढा सेल आहे. तो जिवंत आहे तोवरच लॉर्नाचा ठेका मला आठवणार. आता तो विझत आलाय.

मागच्या मंगळवारी लॉर्ना आली. केस पांढरे झालेत. इथल्या व्यवस्थापिका बेअरस्टो बाईंना तिनं विनवलं, की वायर जोडा, पेटी चालू ठेवूनच सेल बदला, नाहीतर ठेका पुसला जाईल. बाई म्हणाल्या, समितीला विचारावं लागेल, समिती पुढच्या महिन्यात बसते. "आणि तुमचाच ठेका ना? पुन्हा वाजवा की."

लॉर्नानं काचेवर अंगठा आपटला. एक, दोन, तीन, चार. चारही अगदी वेळेवर. तिनं पुन्हा वाजवून पाहिलं. मग अंगठ्याकडे बघत राहिली.

"बरा झालाय हा," ती हळूच म्हणाली. "आता नाही जमत."

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं जुनं वाद्य मुकं बसलं असेल, तर त्याला नुसतं पुसून ठेवू नका. वाजू द्या.

समितीला अजून सोळा दिवस आहेत. मी आतल्या आत मोजते. एक, दोन, तीन... आणि चौथ्याला घट्ट धरून ठेवते.