रिवेटच्या डब्यातल्या गोळ्या

रिवेट काढायला डब्यात हात घातला, तर हाताला गोळ्या लागल्या. पांढऱ्या, बारीक, तेलकट धूळ बसलेल्या. रोज सकाळी चहाबरोबर मी धाकट्या भावाच्या हातावर ठेवतो, त्याच. माझं डोकंच फिरलं.

आमचे वडील याच वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करता करता छाती धरून पडले ते उठलेच नाहीत. तेव्हापासून रक्त पातळ करायची गोळी मी माझ्याच अकलेने सुरू केली. मी घेतो, त्यालाही देतो. घेतली तर बिघडतंय काय?

डबा त्याच्या पायाशी आपटला. "हे काय रे?"

"मी डॉक्टरीणबाईंना दाखवून आलो, दादा. हृदय ठणठणीत आहे. माझ्यासारख्या हजार जणांनी ही गोळी वर्षानुवर्षं घेतली, तर मोजक्यांचा झटका टळतो आणि जवळपास तेवढ्यांनाच मोठा रक्तस्राव होतो. त्यापेक्षा तंबाखू सोड म्हणाल्या. सोडली."

"बाप मेला तो दिसला नाही तुला?"

"एका बापावरून हजारांचं ठरत नाही."

मी ठोसाच हाणला. त्याच्या दातांवर माझी बोटं फाटली. त्याने मला ढकललं, तशी मी त्याची कॉलर धरून त्याला भिंतीवर आदळलं. एकदा, दोनदा. "गीळ, मेल्या, गीळ!" खाली सांडलेल्या गोळ्या मूठभर उचलून त्याच्या तोंडात कोंबल्या. तो माझ्या तोंडावर थुंकला. मग मी असा धक्का दिला की त्याचं डोकं लोखंडी टेबलाच्या कडेवर आपटलं. तो आवाज अजून कानातून जात नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "रक्त पातळ करायचं काही घेतात?"

"रोज," सवयीने तोंडून गेलं. भावजय माझ्याकडे बघत होती. "नाही हो. घेत नव्हता. म्हणूनच मारलं मी त्याला."

डॉक्टरांनी डोक्याचा फोटो उजेडाला धरला. "कवटीच्या आत थोडं रक्त साकळलंय. गोळी चालू असती तर कदाचित हाताबाहेर गेलं असतं." मग त्यांचं लक्ष फरशीवर गेलं. "तुमचं बोट अजून वाहतंय. तुम्ही घेता वाटतं?"

मी मान डोलावली. रुमाल चिंब झाला होता.

संध्याकाळी तो शुद्धीवर आला. मला रडू आवरेना. पाण्याचा चमचा घेऊन मी त्याच्या तोंडाजवळ नेला.

त्याने माझ्या हाताकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले.