घोड्याचं घासलेलं टोक

मी एक जुनं रिव्हॉल्वर बोलतोय. दचकू नका, माझ्यात गोळी नाही. असती तरी कुणाचं काही बिघडलं नसतं. सध्या मी एका दुकानात काचेच्या कपाटात पडून आहे आणि खरं सांगायचं तर मला काहीच वाटत नाही. फार वर्षांपूर्वीच माझ्यातलं वाटणं संपलं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझ्यासारखी शेकडो भावंडं तिथे रोज तयार व्हायची. पण ज्या घरात मी वडिलांकडून मुलाकडे आलो, तिथे माझी कीर्ती काही औरच. मी म्हणे एका सेनापतीच्या कमरेला होतो. पाहुणा घरात टेकला की माझी कथा सुरू. दर वर्षी सेनापतीचा हुद्दा एकेका पायरीने वाढायचा. माणसांना आपल्या कपाटातली वस्तू साधी असलेली चालत नाही, हे मी तेव्हाच ओळखलं.

मुलगा, म्हणजे माझा दुसरा मालक, छापखान्यात होता. त्याची बायको माहेरच्या दुकानात किल्ल्या बनवायची. लोखंडाच्या तुकड्यावर कानस फिरवून ती बघता बघता दात पाडायची. छापखाना बंद पडला आणि मालकाचं बोलणंही हळूहळू आटलं. तो खुर्चीत बसून राहायचा. अधूनमधून उठून माझं कपाट उघडायचा, माझ्याकडे बघायचा आणि पुन्हा लावून टाकायचा. बायको स्वयंपाकघरातून हे बघत होती.

एके दिवशी तो बाहेर गेला असताना तिने मला टेबलावर घेतलं. माझा घोडा ज्या टोकाने काडतुसावर आपटतो, ते टोक तिने कानशीने घासून काढलं. लोखंडाचा भुगा ओल्या फडक्याने पुसला आणि मला होतं तसं ठेवून दिलं. मला फेकलं असतं, तर त्याला कळलं असतं. माझी बधिरता तेव्हापासूनची.

पुढे काही महिन्यांनी, भर दुपारी, घरात कुणी नसताना त्याने मला हातात घेतलं. काडतूस भरलं. चाप ओढला. खट् आवाज झाला, बस.

मग त्याने मला उजेडात धरलं आणि घोड्यावरून अंगठा फिरवला. टोक नव्हतं. त्या जागी कडा गुळगुळीत होती. रोज दार उघडायच्या किल्लीची असायची तशी. तो रडला. आवाज न करता, खांदे हलवत रडला. मग काडतूस काढून त्याने मला जागेवर ठेवलं. बायको आली तेव्हा त्याने चहा टाकला होता. तिला तो काहीच बोलला नाही, शेवटपर्यंत नाही. पुढे तो पुष्कळ जगला. नातीला सायकल शिकवली, दाढदुखीने घर डोक्यावर घेतलं आणि गेल्या वर्षी आजारपणात गेला.

मग त्याच्या मुलाने मला इथे आणलं. बरोबर आई होती. मुलाला सेनापतीची फार आशा. दुकानदाराने भिंग लावून माझ्या मुठीखालचा आकडा पाहिला, चक्र फिरवलं, नळीत डोकावला. सेनापती वगैरे काही नाही, म्हणाला, फिरतीवरचे विक्रेते अशी घ्यायचे. पण सगळे भाग मूळचे आहेत, चांगला भाव येईल. मग त्याने घोडा मागे ओढला आणि थांबला.

"हे कुणीतरी घासलंय. नंतर कडाही गुळगुळीत केल्यात, बोटाला लागू नये म्हणून. बंदुकीचा कारागीर एवढं करत नाही. किल्ल्या करणाऱ्याचा हात आहे हा."

मुलगा आईकडे वळला. तिने पदराशी चाळा केला नाही की मान खाली घातली नाही.

"मीच घासलं," ती म्हणाली. "तुझे बाबा तेव्हा ते कपाट उघडून बघत बसायचे."

मुलाचा चेहरा पांढरा पडला. दुकानदाराने हळूच सुचवलं की त्याच जातीचा जुना घोडा बसवता येईल, किंमत दुप्पट होईल. मुलाने नको म्हटलं. आहे तसंच ठेवा, म्हणाला. दारापर्यंत जाऊन आई एकटीच परत आली.

"मी घासल्यावर त्यांनी कधी हे चालवून पाहिलं असेल, तर ते कळतं का हो?"

"नाही, आजी. टोकच नाही, तर काडतुसावर खूण कुठून उमटणार?"

तिने मान हलवली. मग जाता जाता काचेवर पडलेला बोटांचा ठसा पुसला.

तुमच्यापैकी कुणी मला विकत घेतलंत, तर एवढं करा. माझा घोडा बदलू नका. आणि ती म्हातारी अजून शेजाऱ्यांच्या किल्ल्या घासून देते. कधी तिच्याकडे गेलात, तर सांगा, तिचं ते काम वाया गेलं नाही. ज्या दिवशी ती घरी आली आणि चहा तयार होता, त्या दिवशी ते कामी आलं.