सतरंजी

शाहीर कृष्णा भोईर गाण्यापूर्वी चपला काढीत, रंगमंचावरची सतरंजी गुंडाळायला लावीत आणि ढोलकी वाजवणाऱ्या मुलीला आपल्या पायांजवळ उघड्या फळीवर बसवीत. या क्रमात गेल्या अकरा वर्षांत बदल झालेला नव्हता.

"मातीतला माणूस दाखवायचाय," गुरुदत्त सामंत म्हणाला. "फळीवर माती कुठली असते, हा प्रश्न कोणी विचारत नाही."

मांडवात शेजारच्या खुर्चीवर सांडोरचा ॲन्सेल्म बसला होता. त्याची केळीची बाग होती. "मास्तर, तुम्ही कशाला आलात मग?"

"मास्तर नाही, प्रयोगशाळा सहायक. एक प्रश्न विचारायला आलोय."

प्रश्न कोणता, हे ॲन्सेल्मला ठाऊक होते, कारण नव्वद सालच्या फेब्रुवारीत गासच्या रस्त्यावर तोही होता. विहिरींचे पाणी उपसून नेणारे टँकर अडवायला सगळे शाहिरांच्या गाण्यामागे चालले होते. पोलिसांनी गुरुदत्तला गाडीत कोंबले, तेव्हा शाहीर पाठमोरे, दोन हातांच्या अंतरावर उभे होते. गुरुदत्तने तीनदा हाक मारली. शाहिरांना पोलीस मानत; त्यांनी एक शब्द टाकला असता तर सुटका झाली असती. शाहीर वळले नाहीत, चालू लागले. गुरुदत्तने सात दिवस कोठडीत काढले, आणि कॉलेजात कायम होण्याचे त्याचे पत्र तीन वर्षे लांबले. त्या दिवसापासून 'शाहीर' हा शब्द तो थुंकल्यासारखा उच्चारी.

आज फुलपाड्याच्या मैदानात शाहिरांचा सत्कार होता. सत्कार करणारे नगरसेवक उमंगशेठ यांचे स्वतःचेच चार टँकर होते.

"आता टँकरवाल्याच्या मांडवात टँकरविरुद्ध गाणार," गुरुदत्त म्हणाला. "आणि शेठ पहिल्या रांगेत टाळ्या वाजवणार. लस टोचतात ना, तसं. थोडा रोग अंगात घातला की मोठा होत नाही."

"गप ऐका ओ."

शेठने मानाचा म्हणून जाड रबरी अस्तराचा लाल गालिचा अंथरला होता. शाहिरांनी तो काढण्याची खूण केली. कार्यकर्त्याने हात जोडले. "शेठनी खास मुंबईहून आणलाय, बाबा. राहू द्या."

शाहीर क्षणभर घुटमळले आणि गालिच्यावर उभे राहिले.

"आमच्या विहिरीचं पानी, तुमच्या टाकीत गेलं कसं..."

सूर नेहमीसारखाच सुटलेला होता. तो गुरुदत्तच्या हिशेबात वर्षानुवर्षे हुकत आला होता. पण आज तालही गेला. ढोलकी एकीकडे, शाहीर दुसरीकडे. समेवर ते मात्राभर आधी आले, पुढच्या कडव्यात दोन मात्रा मागे पडले. मागची पोरे हसू लागली. शेठने पंख्याकडे पाहिले.

"संपला," गुरुदत्त समाधानाने म्हणाला.

ढोलकीवरची यमुना, शाहिरांची मुलगी, वाजवता वाजवता उठली. गालिचा जिथे संपत होता तिथे, रंगमंचाच्या अगदी कडेच्या उघड्या फळीवर जाऊन बसली आणि ढोलकी फळीला टेकवली. शाहीर तिच्यामागून गेले. अनवाणी पाय त्यांनी त्याच फळीवर ठेवले, डोळे मिटले, आणि पुढच्या समेवर ते नेमके आले. त्यानंतर शेवटपर्यंत एकही मात्रा हुकली नाही.

गुरुदत्तचे हसू थांबले. अकरावीच्या पहिल्या प्रात्यक्षिकात तो दरवर्षी नादकाट्याचा दांडा टेबलावर टेकवून दाखवी. मुले टेबलाला हात लावून कंप अजमावीत. टेबलावर फोम ठेवला की कंप मरतो, हेही तोच दाखवी.

गाणे संपल्यावर तो मांडवामागे गेला. शाहीर पाठमोरे उभे राहून पाणी पीत होते. गुरुदत्त दोन हातांच्या अंतरावर थांबला.

"शाहीर."

थोडे थांबून, अधिक मोठ्याने: "शाहीर."

तिसऱ्या हाकेला मांडवाचा माणूस वळला. शाहिरांनी पेला खाली ठेवला आणि ते उपरण्याने तोंड पुसू लागले.

"पाठीमागून नका बोलू," ढोलकीचा पट्टा सोडवीत यमुना म्हणाली. "समोर या. ओठ बघून समजतं त्यांना."

"कधीपासून?"

"कोन तुम्ही?"

"गासच्या मोर्चात होतो."

तिने त्याला नीट पाहून घेतले. "विरारच्या खदानीत सुरुंग लावायचे बाबा, अठरा वर्सं. एक कान आधीच गेलेला. दुसरा अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीला बंद झाला. डाक्तरचा कागद हाय घरी."

"लोकांना का नाही सांगितलं?"

"बहिऱ्या शाहिराला कोन बोलवतो? हा शेठ तरी बोलवतो. तुम्ही मोर्चावाल्यांनी किती वेळा बोलवलं?"

शाहीर वळले, अनोळखी माणसाकडे पाहून हसले आणि त्यांनी हात जोडले. गुरुदत्तनेही हात जोडले.

बाहेर ॲन्सेल्म वाट पाहत होता. "विचारलं काय?"

"नाही."

"का?"

गुरुदत्तने चष्मा पुसला आणि वर्गात निष्कर्ष लिहून देतो तसे सावकाश सांगितले. शाहीर अठ्ठ्याऐंशीपासून दोन्ही कानांनी पूर्ण बहिरे आहेत. ढोलकीचा ठेका त्यांना फळीतून, तळपायांनी कळतो. गासच्या रस्त्यावर आपली हाक त्यांना ऐकू आली नव्हती.