राखणदार जागचा हलत नाही

गिरगावात सर्व्हेच्या तीन जुन्या खुणा आहेत, असं नकाशा म्हणत होता. पहिलीवर एटीएम निघालं. दुसरीच्या जागी खड्डा होता, आणि त्याभोवतीची बॅरिकेडं इतकी मुरलेली की त्यांवर कुणाचे तरी कपडे वाळत होते. उरली तिसरी.

"हेऱ्या, ती आपल्याच वाडीत आहे!" स्पृहा किंचाळली. ती सिव्हिल इंजिनीअर, मी बेरोजगार; म्हणून टेपचं दुसरं टोक माझ्याकडे.

प्रकरण कौसल्याकाकूंच्या खोलीचं होतं. दर पावसाळ्यात रस्त्याचं पाणी त्यांच्या कॉटखाली येतं. वॉर्डाचे इंजिनीअर रमाकांतसाहेब म्हणायचे, रस्ता चढलाच नाही, पुरावा दाखवा. उद्या त्याच रस्त्यावर आणखी काँक्रीट पडणार, म्हणून साहेब आज पाहणीला आलेले. जुन्या नकाशाप्रमाणे तेव्हा खूण रस्त्यापासून दोन फूट वर होती. ती सापडली की मोजायचं आणि दाखवायचं.

टेप संपली तिथे राखणदार होता. शेंदूर फासलेला दगड, वाडीचा देव. परीक्षेआधी आम्ही सगळे त्याच्या पाया पडायचो. आमचे निकाल पाहता तो सर्व्हेचा दगड असणं सहज पटलं.

"शेंदूर खरवडतलास?" काकूंनी छातीवर हात ठेवला. "त्येका इचारल्याशिवाय?"

मग कौल लावला. दगडावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी तर नकार. काकूंनी गाऱ्हाणं घातलं, "बा राखणदारा, ही पोरां तुझा कपाळ बघूक मागतत..."

"होय म्हाराजा!" वाडी गरजली. साहेबही गरजले. ते मूळचे देवगडचे.

उजवी पाकळी थरथरली. "पंखा बंद करा!" कुणीतरी ओरडलं. पंखा नव्हताच. पाकळी पडली, आणि मंडळाच्या पोरांनी थेट ढोल काढला.

शेंदराचा पापुद्रा निघाला. खाली आडवी रेघ, रेघेला टेकलेला बाण, सर्व्हेचीच खूण! स्पृहाने मला मिठी मारली, मग ढोलवाल्याला, मग टेप लावली. रेघ रस्त्यापासून चार बोटं वर. दोन फुटांची चार बोटं!

"थांबा," साहेब म्हणाले. "मधल्या काळात दगड कुणी हलवला नसेल कशावरून?"

ढोल थांबला. स्पृहाचा चेहरा उतरला.

"उचलूचोच होतो!" काकू भडकल्या. "दर पावसात बुडता बिचारो. तीनदा कौल लावलो. तीनदा डावी पडली. देव नाय म्हणालो, मग कोण हात लावतलो?"

देवगडच्या माणसाला आणखी काय पुरावा देणार? साहेबांनी बूट काढले, हात जोडले आणि फोन लावला.

"उद्याचं काँक्रीट थांबवा. आधी रस्ता खरवडायचाय." पलीकडून 'विचारलंत का?' असं काहीतरी आलं. साहेब वैतागले. "नाही हो, रस्त्याला विचारायची गरज नाही!"