बंद पाकिटातली खेळी

शाळेच्या सभागृहाबाहेरच्या फलकावर ‘सोव्हिएत ग्रँडमास्टरांचे व्याख्यान : डावाचा मध्य आणि शेवट’ असं रंगवलं होतं. तो देश मोडून दोन महिने होत आले होते, पण फलक डिसेंबरातच तयार होता आणि जळगावच्या बुद्धिबळ संघटनेत कुणाला तो बदलायची गरज वाटली नव्हती. दाराशी यादी घेऊन बसलेल्या गृहस्थांना कुंदाने वडिलांचं, नानांचं नाव सांगितलं. कौतिक तायडे, अकरावा नंबर. गृहस्थांनी नावावर बोट ठेवलं, वर पाहिलं आणि नावाशेजारी बरोबरची खूण केली.

नानांना जाऊन सव्वीस दिवस झाले होते.

सभागृहात साठ-सत्तर माणसं होती, बायकांत ती एकटीच. तिसऱ्या रांगेतल्या लोखंडी खुर्चीवर ती वही उघडून बसली. धुळ्याच्या कॉलेजात ती ग्रंथपाल होती. व्याख्यानाला बसलं की टिपणं काढायची हाताला सवयच होती. बुद्धिबळातलं मात्र तिला मोहरी कशी चालतात एवढंच येत होतं. नानांनी लहानपणी शिकवलं होतं. पुढे तिला पुस्तकांचा नाद लागला आणि पट नानांपाशीच राहिला.

ती खेळ शिकायला आली नव्हती. तिला एकाच खेळीबद्दल विचारायचं होतं.

सव्वीस जानेवारीला याच सभागृहात संघटनेच्या खुल्या स्पर्धेची फेरी होती. नानांचा डाव शिरपूरच्या छगन बडगुजरशी होता. दुपारी दोनला सुरू झालेला डाव सहा वाजले तरी संपत नव्हता. कुंदा सुट्टीला जळगावला आलेली होती, सकाळी धुळ्याला कामावर हजर व्हायचं होतं. नानांना घरी सोडून साडेसातची एस.टी. धरायची म्हणून ती दारात येऊन उभी राहिली. नानांनी मान वर केली. तिने मनगटावरच्या घड्याळावर दोनदा बोट आपटलं. नानांनी पंचांकडे पाकीट मागितलं.

डाव तहकूब करायचा तर ज्याची पाळी असेल त्याने आपली पुढची खेळी पटावर करायची नाही, कागदावर लिहून पाकिटात बंद करायची आणि पंचांकडे द्यायची, असा नियम होता. पुढच्या रविवारी दोघांसमक्ष पाकीट फोडून डाव तिथून पुढे. नानांनी खेळी लिहिली, पाकीट चिकटवलं. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

वाटेत ते म्हणाले, “डोकं जड झालंय गं.”

“दिवसभर चौसष्ट घरांत डोकं घातल्यावर दुसरं काय होणार?” ती म्हणाली. नाना हसले. गल्लीच्या तोंडाशी त्यांना सोडून ती स्टँडकडे वळली. नऊ वाजता ते मोरीत पडले. मंगळवारी पहाटे दवाखान्यात गेले.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सोमवारी तिला बाजूला घेऊन विचारलं होतं, “मेंदूतला हा रक्तस्राव दुपारपासूनच सुरू झाला असावा. बोलण्यात, लिहिण्यात काही फरक पडला असेल. कुणाच्या लक्षात नाही आलं? दोन-तीन तास आधी आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती.”

“नाही,” ती म्हणाली होती.

जलदान विधी झाल्यावर ती धुळ्याला परतली आणि ग्रंथालयातली वैद्यकाची तीन पुस्तकं तिने वाचून काढली. तिन्हींत तेच होतं. रोगी ओळखीचा शब्द चुकतो, हिशेब चुकतो, काळवेळ चुकतो. मग तिला पाकीट आठवलं. सहा वाजून दहा मिनिटांनी नानांच्या हातचं, नानांच्या डोक्यातलं, कुणीही न पाहिलेलं असं तेवढं एकच उरलं होतं. खेळी बरोबर असेल तर नाना त्या वेळी शुद्धीत होते, आणि दारात उभ्या असलेल्या मुलीला दिसण्यासारखं काही नव्हतं. खेळी बरोबर नसेल, तर. या वाक्याच्या पुढे ती गेली नव्हती.

पंच होते भिकन सर, शाळेत गणित शिकवणारे. पाकीट त्यांच्या कपाटात होतं. कुंदाने त्यांना पत्र लिहिलं. उलट टपाली उत्तर आलं: ‘प्रतिस्पर्ध्यासमोरच उघडावे असा नियम आहे. छगनराव व्याख्यानाला येणार आहेत. तुम्हीही या. पाहुण्यांना स्थिती दाखवू.’

पाहुणे साठीचे होते, जाडजूड, जळगावच्या फेब्रुवारीतही कोट न काढणारे. ते रशियन बोलत आणि पुण्याहून आलेले दुभाषी त्याचं मराठी करत. भिंतीवर कापडी पट टांगला होता, त्याच्या कप्प्यांत पुठ्ठ्याची मोहरी सरकवायची. डावाच्या मध्याबद्दल ते म्हणाले, काय खेळावं सुचत नसेल तेव्हा आपला सगळ्यात बेकार बसलेला मोहरा शोधा आणि त्याला काम द्या. त्यांनी एक उंट दाखवला, स्वतःच्याच प्याद्यांमागे कोंडलेला. त्याला चार खेळ्यांत बाहेर काढून त्यांनी दुसऱ्या टोकाला आणला, तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी “वाह” म्हटलं.

शेवटाकडे आल्यावर ते खुर्चीत बसले. वजीर गेले की राजाने लपायचं नाही, चालायला लागायचं, ते म्हणाले. शेवटात राजा हाच मोठा मोहरा. आणि शेवटाचा पहिला नियम कळायला त्यांना पंधरा वर्षं लागली, कारण त्यांच्या गुरूने तो सांगितला तेव्हा त्यांना तो नियमच वाटला नव्हता. दुभाष्यांनी चष्मा सारखा केला. “ते म्हणतात, घाई करू नका.”

“हे आमच्या एस.टी.वाल्यांना कधीपासून माहीतंय,” कुणीतरी बोललं. सभागृह हसलं. पाहुण्यांना भाषांतर करून सांगितलं, तेही हसले. कुंदाच्या वहीत ‘घाई’ एवढा शब्द लिहिला गेला होता. पेन तिथेच थांबलं.

प्रश्नोत्तरांत भिकन सर उठले. “आमच्या स्पर्धेतला एक तहकूब डाव आहे. पांढऱ्याची पाळी.” त्यांनी पटावर मोहरी लावली. फार नव्हतीच. दोन राजे आणि दोन्हीकडे तीन-तीन प्यादी. पांढरं प्यादं आणि काळं प्यादं नाकाला नाक लावून उभं, अशा तीन जोड्या पटाच्या रुंदीभर पसरलेल्या.

पाहुण्यांनी पाहिलं आणि लगेच हात झटकला. प्यादी एकमेकांपुढे अडकलेली, त्यामुळे एकही हलू शकत नाही. प्यादं तिरकं मारतं, म्हणून त्यांच्या मधल्या सगळ्या घरांवर कुणा ना कुणा प्याद्याची नजर. पांढऱ्या राजाला वर जायला वाट नाही, काळ्याला खाली यायला नाही. “बरोबरी,” दुभाषी म्हणाले. “भिंत उभी आहे.”

कुंदा उभी राहिली. “पांढऱ्याने आता कुठली खेळी करावी?”

प्रश्न रशियनमध्ये गेला, उत्तर आलं. “कुठलीही. राजा मागे, बाजूला, कुठेही हलवा. इथे चांगली खेळी नाही आणि वाईटही नाही. ते म्हणतात, हरायचं ठरवलं तरी हरता येणार नाही.”

ती खाली बसली. मांडीवरचे हात तिने एकमेकांत धरून ठेवले. कुठलीही खेळी. पाच घरं राजाला मोकळी होती, तिने मोजली. पाचांतलं कुठलंही एक.

व्याख्यान संपल्यावर भिकन सर तिला शेजारच्या वर्गात घेऊन गेले. छगन बडगुजर आधीच बाकावर बसला होता. चाळिशीचा माणूस, जिनिंगमध्ये मुकादम, मनगटाच्या केसांत कापसाचा पुंजका अडकलेला. तो उठून उभा राहिला.

“ताई, नाना त्या दिन भलता जोरमा व्हतात,” तो म्हणाला. “दुपारभर माले दम खाऊ दिधा नही.”

“बसा,” कुंदा म्हणाली.

“आते बरोबरी शे ना सर? मोठा माणूसनी सांगं. मंग बठ्ठं मिटनं.”

“आधी पाकीट,” भिकन सर म्हणाले. “मोठा माणूस गेला की नियम आमच्याच गळ्यात.” पाकिटावर दोघांची नावं, स्थिती, शिल्लक वेळ आणि दोन सह्या होत्या. सरांनी पट्टीने कड कापली, कागद काढून उलगडला. त्यांनी तो वाचला. पुन्हा वाचला. मग बाकावरच्या पटाशी नेऊन ताडून पाहिला.

“काय आहे?” कुंदाने विचारलं.

सरांनी कागद तिच्यापुढे ठेवला. नानांचं अक्षर ठळक आणि सरळ होतं, नोकरीत असताना पोस्टाच्या पावत्यांवर असायचं तसंच. राजा, एफ पाच. खाली रेघ, सही, वेळ.

तिने पटावर घर शोधलं. राजा होता तिथून दोन घरं वर आणि एक घर बाजूला. भिंतीच्या पलीकडे.

“राजा एक घर चालतो,” भिकन सर हळू म्हणाले. “ही खेळी होत नाही.”

मग छगनने मान न उचलता बोट पटावर ठेवलं आणि राजापासून त्या घरापर्यंत ते फिरवलं, अडीच घरं. “घोडानी उडी शे,” तो म्हणाला. “आमना गावले जुना लोके अशेच खेयतस. राजाले एकदाव घोडानी उडी. शह लागेल नही तवलोंग.”

कुंदाला ते माहीत होतं: शह लागला नसेल तोवर राजाला एकदा घोड्यासारखं उडता येतं. बोदवडला, आजोबांच्या ओट्यावर, कापडाच्या पटावर नाना तसंच शिकले होते आणि तिलाही आधी तसंच शिकवलं होतं. पुढे नाना पोस्ट खात्याच्या स्पर्धांत खेळू लागले, पुस्तकातले नियम शिकले, आणि त्यानंतरच्या तीस वर्षांत त्यांच्या राजाने उडी मारली नव्हती. त्या संध्याकाळी सहा वाजता ते ओट्यावर होते.

“असं करू,” भिकन सरांनी घसा साफ केला. “नानांना कळलं असणार, डाव बरोबरीत आहे. गंमत म्हणून लिहिलं असेल. त्यांचा स्वभाव होता तसा. आपण बरोबरी नोंदवू. छगनरावांची हरकत नसेल तर.”

“मन्ही कसानी हरकत?”

“चुकीची खेळी पाकिटात निघाली तर नियम काय आहे?” कुंदाने विचारलं.

सर कागदाची घडी घालू लागले.

“सर.”

“डाव हरला.”

“मग तसं लिहा.”

“ताई, माले नको तो गुण,” छगन म्हणाला.

“तुम्हाला विचारत नाहीये.” ती इतक्या शांतपणे म्हणाली की भिकन सरांनी निकालाचा तक्ता पुढे ओढला आणि लिहायला घेतलं. कुंदाने मुलांचा एक बुटका बाक ओढला आणि पटाच्या या बाजूला, छगनच्या समोर बसली. “तुम्ही चार तास त्यांच्यासमोर होतात. काय काय पाहिलं ते सांगा. दोन वाजल्यापासून.”

“काय सांगू? डाव खेयनूत.”

“तो नियम तुम्ही लगेच ओळखलात. कसा?”

छगनने मनगटावरचा पुंजका काढून बोटांत चुरला. नंतर तो बोलू लागला तो शहरातल्या मराठीत, कचेरीत जबाब द्यावा तसा.

“चारला चहा आला. नानांनी बशीत ओतला आणि तसाच ठेवला. साय आली त्याच्यावर. मी म्हटलं, नाना, चहा. ते म्हणाले, हो. पण घेतला नाही. पाचच्या पुढे दोनदा मला विचारलं, चाल तुमची की माझी? घड्याळ माझं चालू होतं, त्यांना दिसत होतं. मग सहाच्या आधी जरा वाकून हळूच विचारलं, मला आतापर्यंत एकदाही शह लागलाय का?”

“तुम्ही काय म्हणालात?”

“मी नोंद पाहिली. नाही लागला म्हटलं. ते खूश झाले. मला वाटलं, काहीतरी हिशेब करतायत.”

“कुणाला सांगितलं नाहीत.”

“नाही.” त्याने पटावरचं एक काळं प्यादं सरळ केलं. “वाटलं, म्हातारा दमला. आणि ताई, खोटं कशाला बोलू. दुपारभर त्यांनी मला रगडलं होतं. दमला तर आपला डाव वाचेल, असं वाटलं मला.”

भिकन सरांचं पेन थांबलं होतं. बाहेर सभागृहात खुर्च्या रचायचा आवाज येत होता.

“मग?” कुंदा म्हणाली.

“मग तुम्ही दारात आलात.”

“हो.”

“नानांनी तुम्हाला पाहिलं. मला म्हणाले, पोरगी आली, तिची गाडी चुकायला नको. आणि पाकीट मागितलं.”

कुंदाने पटावरच्या पांढऱ्या राजाला हात लावला नाही. “साडेसातची होती,” ती म्हणाली. “तिच्यामागे आठची होती. साडेआठची होती. शेवटची साडेदहाला सुटते.”

छगनने मान हलवली. शिरपूरला जाताना तोही धुळ्यावरूनच जाई, त्या सगळ्या गाड्या त्याला पाठ होत्या.

“पाकीट दिल्यावर?”

“नाना उठले. उठताना टेबल धरलं त्यांनी. मी हात पुढे केला तर नको म्हणाले. दारापर्यंत नीट गेले. त्यापुढचं तुम्हालाच माहीत, ताई.”