शेपटी नसलेले फुगे

"हे फुगे काढायला पालक शाळेत पाठवतात का मुलांना?" मोठ्या बाईंनी मागच्या बाकावरूनच विचारलं. सातवीच्या पोरांनी माना खाली घातल्या.

इंग्रजीच्या सरांचा चित्रकथांचा तास, म्हणजे चित्रं काढून पात्रांचं बोलणं फुग्यांत लिहायचा तास, ठेवायचा की बंद करायचा, याचा निकाल मुख्याध्यापिका म्हणून मोठ्या बाई आज लावणार होत्या. शाळा सरांना 'फुगेवाले' म्हणून चिडवायची, त्याचं त्यांना काही नव्हतं. पण गाईडमधली उत्तरं घोकणारी ही पोरं याच तासाला स्वतःच्या डोक्यातलं इंग्रजीत मांडायला लागली होती. तो तास गेला असता तर सरांचा जीवच गेला असता.

बाई उठल्या आणि नेमक्या गप्पीच्या बाकाशी थांबल्या. तोंडातून ब्र काढत नाही म्हणून वर्गानं तिला गप्पी करून टाकलं होतं. तिच्या पानावर आई, बाबा आणि जेवणाचं टेबल होतं.

"बोलण्याच्या फुग्याला शेपटी असते, तोंडाकडे वळलेली. मनातल्या विचाराला ढग. असंच ना, सर? मग हिनं सगळीकडे ढगच का काढलेत? 'प्लीज पास द सॉल्ट' कुणी मनात म्हणतं का?"

वर्ग फिदीफिदी हसला.

सरांना कारण ठाऊक होतं. पालकसभेत बायको शेजारीच बसलेली असताना गप्पीचे बाबा गप्पीला म्हणाले होते, "आईला सांग, निघू या." एवढं सांगितलं की बाई गप्प झाल्या असत्या. शब्द ओठांवर आलेही. पण तास वाचवायला लेकराच्या घरची लक्तरं वेशीला टांगायची?

"माझीच चूक, बाई. मी नीट शिकवलं नाही."

"तेच म्हणते मी. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? सोमवारपासून व्याकरण घ्या. एकाला तरी इंग्रजीत धड वाक्य बोलता येतं का यातल्या?"

बाक करकरला. गप्पी उभी राहिली होती, कान लालभडक.

"सर इज नॉट राँग, मॅडम." आवाज फाटका निघाला. "ॲट होम दे डोन्ट टॉक."

कुणी हसलं नाही. बाईंनी सवयीनं चूक काढायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"सोमवारचं... राहू द्या. तास चालू ठेवा," एवढंच म्हणून त्या बाहेर गेल्या.

सरांना आनंद व्हायला हवा होता. गप्पी अजून उभीच होती.

"सर," तिनं हळूच विचारलं, "आता हे घरी कळेल?"

सगळा वर्ग सरांकडे बघत होता. एवढ्या जणांनी ऐकल्यावर सरांना 'नाही' म्हणता येईना.