नेब्रास्काचं पाकीट

टोलीडोच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये महिन्यातल्या एका रविवारी बेसबॉलच्या कार्डांचा बाजार भरतो, आणि सकाळपासून एकच प्रश्न कानावर आदळत राहतो. ओहतानी आहे का? तो नसेल तर जज? बरं, स्कीन्सचं पहिल्या वर्षाचं कार्ड तरी? या तिघा बड्या खेळाडूंची कार्डं काचेखाली, कडक प्लॅस्टिकच्या डबीत, कुलपात. बाकीचे खेळाडू टेबलावर. आणि ज्यांचं नशीब फिरलं ते टेबलाखालच्या खोक्यात. तिथे कोणी सहसा वाकत नाही.

ड्वेन प्रुइट मात्र आला की त्या खोक्यापुढेच गुडघे टेकायचा. त्याला त्यातलं एकच नाव हवं असायचं. कोल्बी प्रुइट, डावखुरा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा. त्याचा मुलगा.

आज स्कीन्सला डोक्यावर घेतात ना, तसं एका उन्हाळ्यात कोल्बीला घेतलं होतं. याच हॉलमध्ये लोक त्याच्या कार्डावरून हमरीतुमरीवर आले होते. ड्वेन तेव्हा कोपऱ्यात कॉफी पीत उभा राही आणि मी त्याचा बाप असं कुणाला सांगत नसे, कारण सगळ्यांना ठाऊकच होतं. मग कोपराची शस्त्रक्रिया झाली. मग दुसरी. खेळ संपला. कार्डं जमवणाऱ्यांची जात मेली मोठी कोडगी. खेळाडू पडला की हळहळायचं सोडून हे आधी खोकं पुढे ओढतात.

कोल्बी आता फिंडलेला टायरच्या गोदामात कामाला होता. दोन हिवाळ्यांपूर्वी त्याने अंथरूण धरलं. ताप नाही, खोकला नाही, नुसतं उठायचंच नाही. त्याची आई मार्लीन रोज सूप घेऊन जायची आणि भरलेलं भांडं तसंच परत आणायची. या पोराचं काही बरंवाईट होणार ही धास्ती दोघांनी एकमेकांना कधी बोलून दाखवली नाही. आणि एक दिवस त्याचाच फोन आला. नेब्रास्कातल्या कुठल्याशा शाळेतल्या लुंडक्विस्ट नावाच्या प्रशिक्षकाने त्याचं कार्ड सहीसाठी धाडलं होतं, टपालाचं तिकीट लावलेल्या परतीच्या पाकिटासकट. कार्डवाल्यांची ही जुनी रीत. सोबत चार ओळी होत्या. माझ्या पोरांना अजून तुमचीच बॉल टाकायची ढब दाखवतो, कधी इकडे आलात तर मैदानावर या. कोल्बीने सही केली आणि आईला म्हणाला, "घरात अंडी आहेत का गं? भूक लागलीय." मार्लीन फोन ठेवून सिंकपाशी ढसाढसा रडली.

ड्वेनने दुसऱ्या पाकिटाची वाट पाहिली. येतंय कुठून? शेवटी तोच पाठवायला लागला. खोक्यातून पोराची कार्डं उपसायची, कधी मेन राज्यातली आजी व्हायचं, कधी टेक्ससचा ट्रकवाला, आणि मजकूर लिहायचा. पाकिटं भरून टाकायचं काम रॉली साबोचं. रॉली त्याचा जुना दोस्त, कार्डांचा व्यापारी. व्हॅन घेऊन राज्याराज्यांतले बाजार करायचा, तिथूनच पाकीट टाकायचा, आणि सही केलेली कार्डं त्याच्या ओळखीच्यांच्या पत्त्यावर परत यायची. "हे पाप की पुण्य ते तू आणि तुझा देव बघा," रॉली म्हणायचा, "मी आपला तिकिटं चिकटवतो."

या फेब्रुवारीत थंडीने रॉलीची बोटं आखडली, म्हणून पाकिटं ड्वेननेच भरली. तिथेच घात झाला.

मार्चच्या बाजारात रॉली टेबलामागे चिली हॉटडॉग खात होता आणि ड्वेन खोक्यात डोकं घालून बसला होता. समोर कुणाचेतरी बूट येऊन थांबले. वर बघतो तो कोल्बी. या हॉलमध्ये तो कित्येक वर्षांत फिरकला नव्हता.

"ऊठ, बाबा. गुडघे दुखतील."

ड्वेन उठला. कोल्बीने तीन कार्डं टेबलावर मांडली. तिन्ही प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत, पिशवीच्या तोंडावर निळी चिकटपट्टी.

"आयोवा, टेक्सस, मेन," तो म्हणाला. "तीन राज्यं, तीन माणसं. आणि तिघांच्याही पट्टीचं टोक त्रिकोणी दुमडलेलं."

ड्वेनने एक कार्ड उचलून पट्टी बघितली. पट्टी लावताना हात आपल्या सवयीने वागले होते. मजकूर लिहिताना त्याने अक्षर बदललं होतं, कागद बदलला होता, शाई बदलली होती.

"मी सहा वर्षांचा होतो. स्वयंपाकघरात बसवून शिकवलंस," कोल्बी म्हणाला. "नुसतं दुमडू नको, कान काढ, म्हणजे पट्टी सोडवताना नखात येतो. असा कान दुसरं कोणी काढत नाही, बाबा. सगळी तूच पाठवलीस?"

"कोल्बी, ऐक..."

"मी त्या मेनच्या आजीला उत्तरात तिच्या गुडघ्याबद्दल विचारलं होतं रे." त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बापाला सोसलं असतं.

"पहिलं माझं नव्हतं," ड्वेन घाईघाईने म्हणाला. "नेब्रास्काचं. तुझ्या आईची शपथ. ते आलं, तुला उठलेला बघितलं, तेव्हा कुठे मला हे सुचलं."

"लुंडक्विस्ट खरा?"

"खरा."

कोल्बी खुर्चीवर टेकला. डाव्या हाताने तिन्ही कार्डं बापाकडे सरकवली. मग म्हणाला, "एक तर एक. मला एक पुरे आहे."

ड्वेनच्या जिवात जीव आला.

"मी जातो त्याच्याकडे," कोल्बी म्हणाला. "तसाही गोदामात जीव नकोसा झालाय. उद्याच सांगून टाकतो त्यांना. पोरांना शिकवायला ठेवलं तर ठेवलं, नाहीतर मैदानावरचं गवत कापीन. पत्ता आहे माझ्याकडे." उठताना त्याने बापाच्या खांद्यावर हात ठेवला. शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदाच. "कार्डं राहू देत तुझ्याकडे." आणि तो गेला.

रॉलीने हॉटडॉग खाली ठेवला. मघापासून त्याने त्याचा घासच घेतला नव्हता.

"ड्वेन. लुंडक्विस्ट माझा मेव्हणा आहे."

"म्हणजे?"

"गॅरेज चालवतो. शाळा नाही, मैदान नाही, काही नाही. मार्लीन माझ्या बायकोपाशी चर्चमध्ये रडली होती. मला वाटलं, त्याच्या नावाने एकदाच पाठवू."

"दोन वर्षं मूग गिळून बसलास?"

"तू आलास तो नाचतच. म्हणालास, बघ रॉली, पोराला न विसरलेला अजून एक माणूस आहे. मग कुठल्या तोंडाने सांगू?"

काचेपाशी कोणीतरी विचारत होतं, ओहतानी आहे का. ड्वेन धक्के देत बाहेर धावला.

कोल्बीची गाडी अजून तिथेच होती, इंजिन चालू. तो प्रशिक्षकाची चार ओळींची ती चिठ्ठी स्टिअरिंगवर पसरून वाचत होता. घड्यांवर फाटायला आली होती. बापाला बघून त्याने काच खाली केली. त्याचा चेहरा त्या नावाजलेल्या उन्हाळ्यात होता तसा दिसत होता.

"काय रे, बाबा?"

ड्वेनने दाराची कड धरली. शब्द अगदी ओठांपर्यंत आले.

"निघण्याआधी तेलपाणी बघून घे," तो म्हणाला. "लांबचा रस्ता आहे."